नशेत होता म्हणून सुटका नाही: मद्यपान करून वाहन चालवणे आणि फौजदारी कायदा

फौजदारी न्यायालयात वकिली करताना मद्यपी चालकांच्या घरच्या माणसांकडून एक वाक्य मी सतत ऐकत आलो आहे. "वकीलसाहेब, पोरगं शुद्धीतच नव्हतं हो, मुद्दाम थोडंच केलं त्यानं?" हे म्हणणाऱ्या आईबापांची कळकळ खरी असते आणि जे बोलतो आहोत ते मुलाच्या बाजूचे आहे, असाच त्यांचा प्रामाणिक समज असतो. परंतु हेच वाक्य तपास अधिकाऱ्यापुढे जबाबात उतरले, तर ते मुलाच्याच विरोधात जाऊ शकते, हे त्यांना समजावून सांगताना मला दरवेळी जड जाते. आपल्या कायद्याने नशेला बचाव म्हणून फार चिंचोळी जागा दिली आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ८६ आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम २४ असे सांगते की, एखाद्या गुन्ह्यासाठी विशिष्ट ज्ञान आवश्यक असेल, तर स्वतःहून नशा केलेल्या माणसाला ते ज्ञान शुद्धीतल्या माणसाइतकेच होते असे धरून त्याच्याशी वागावे. त्याच्या नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध कोणी त्याला नशा दिली असेल, तरच ही धारणा लागू होत नाही. म्हणजे पेला आपल्या हाताने उचलला असेल, तर त्यानंतर "मला कळत नव्हते" असे म्हणण्याची वाट कायद्याने जवळजवळ बंद केली आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याकडे पाहताना हे एक तत्त्व लक्षात ठेवले, तर पुढची बरीच कलमे आपोआप उलगडत जातात.

सुरुवात सर्वांत साध्या प्रकरणापासून करतो, ज्यात अपघात झालेला नाही आणि कोणालाही खरचटलेले नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे, किंवा चालवण्याचा प्रयत्न करणे, हा गुन्हा आहे. "प्रयत्न करणे" हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. गाडी सुरू करून ती जागेवरून हलवू पाहणारा माणूस रस्त्यावर पोहोचायच्या आधीच कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यापूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त २,००० रुपये होता आणि लोकांच्या मनातला "दंड भरून मोकळे होऊ" हा हिशेब त्याच काळात पक्का झाला असावा, असे मला वाटते.

तो हिशेब चुकीचा आहे आणि त्याचे कारण रकमेत नाही. सिग्नल तोडला किंवा हेल्मेट घातले नाही, तर चलान येते, आपण ते भरतो आणि प्रकरण तिथेच तडजोडीने मिटते, कारण कायद्याच्या कलम २०० ने त्या गुन्ह्यांना तशी मुभा दिली आहे. कलम १८५ त्या यादीत नाही. नाकाबंदीवर सापडलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहावेच लागते. शनिवार-रविवारच्या नाकाबंदीनंतर न्यायालयाच्या व्हरांड्यात अशा माणसांची रांग लागते. त्यांत गणवेश घातलेला टॅक्सीचालक असतो, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेला तरुण असतो आणि लग्नाच्या वरातीतून थेट पकडला गेलेला नवरदेवाचा मामाही असतो. पुकारा होतो, आरोप वाचून दाखवला जातो, "गुन्हा कबूल आहे का" असे विचारले जाते आणि बहुतेक जण कामावर वेळेत पोहोचण्याच्या घाईत "कबूल" म्हणून दंड भरतात. त्या एका शब्दाने आपण फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलेली व्यक्ती झालो, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे कधी तरी नोकरीच्या किंवा परदेशी व्हिसाच्या अर्जावर "आपणास कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय" हा रकाना समोर येतो आणि मग फोन येतो. त्या वेळी खोटे लिहिणे हा आणखी एक, वेगळा अपराध असतो आणि खरे लिहिणे महाग पडू शकते.

पुरावा म्हणून त्या दिवशी न्यायालयापुढे येतो तो बहुधा एक अरुंद कागदाचा तुकडा. श्वासपरीक्षण यंत्रात फुंकर मारल्यावर बाहेर पडणाऱ्या या चिठ्ठीवर यंत्राचा क्रमांक, तारीख, वेळ आणि मिलिग्रॅममधला आकडा छापलेला असतो आणि खाली चालकाची व पोलिसाची सही असते. हा उष्णतेने छापला जाणारा कागद आहे. काही महिन्यांत त्यावरची अक्षरे फिकट होतात, म्हणून सावध अंमलदार तिची छायाप्रत लगेच काढून मूळ चिठ्ठीसोबत जोडतो. यंत्र रक्त मोजत नाही. फुप्फुसांतून आलेल्या श्वासातला मद्यार्क मोजून, श्वास आणि रक्त यांतले साधारण १ : २१०० हे प्रमाण गृहीत धरून, ते रक्तातला आकडा काढते. म्हणूनच यंत्राची वेळच्या वेळी प्रमाणचाचणी झाली आहे की नाही, हा प्रश्न वकील विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. फुंकर मारायला नकार दिला तर सुटका होईल, हा मात्र भ्रम आहे. कलम २०३ नुसार अशा माणसाला, त्याने मद्य घेतल्याचा वाजवी संशय असेल तर, विनावॉरंट अटक करता येते आणि कलम २०५ नुसार तो नकार न्यायालयात त्याच्याच विरुद्ध जाऊ शकतो. दुसरीकडे, कलम १८५ खाली अटक झालेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर त्याला सोडावे लागते. हे संरक्षण चालकासाठी आहे आणि ते चांगले आहे, कारण त्याने तपासालाही घाई करायला भाग पाडले जाते.

३० मिलिग्रॅम ही मर्यादा किती कमी आहे, याची कल्पना अनेकांना नसते. शरीर मद्यार्क संपवते ते १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमच्या आसपास. कॉफी, लिंबूसरबत किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री एक वाजता ज्याच्या रक्तात १०० मिलिग्रॅम होते, तो पहाटे पाच वाजता ताजातवाना वाटत असला, तरी ढोबळमानाने ४० वर असतो, म्हणजे कायद्याच्या भाषेत अजूनही मद्यधुंद चालकच असतो. रात्री मित्राकडे झोपून पहाटे गाडी काढणारी माणसे स्वतःला जबाबदार समजतात आणि त्यातली काही याच कारणाने अडकतात.

दंडाच्या पलीकडचे परिणाम इथूनच सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना दिलेल्या निर्देशांनुसार मद्यपान करून वाहन चालवणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करायचा असतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने पोलिसांना परवाना जप्त करून तो परिवहन कार्यालयाकडे पाठवण्याचा स्पष्ट अधिकार दिला. ज्याची मोटार फक्त कार्यालयात जाण्यापुरती असते त्याला तीन महिने रिक्षा पुरते. ट्रक, टेम्पो किंवा शाळेची बस चालवून घर चालवणाऱ्याची मात्र तीन महिन्यांची भाकरी जाते. फौजदारी खटला प्रलंबित असताना पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी आणावी लागते. आपल्याकडच्या अनेक घरांतली मुले अमेरिकेत शिकत आहेत, म्हणून एवढे सांगणे आवश्यक वाटते की, तिथे अशा प्रकरणात नुसती अटक झाली, दोष सिद्ध झाला नाही, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. गाडी दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यानेही स्वतःला सुरक्षित समजू नये. समोरचा प्यायलेला आहे हे माहीत असून त्याला गाडी चालवायला प्रोत्साहन देणाऱ्यालाही कलम १८८ खाली तीच शिक्षा आहे.

आता त्या प्रकरणांकडे वळतो, ज्यांत माणूस मेलेला असतो. इथे सगळा वाद दोन कलमांमध्ये असतो. हलगर्जीपणामुळे मृत्यू घडवणे, म्हणजे दंड संहितेचे जुने कलम ३०४-अ, याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) नुसार ती पाच वर्षांपर्यंत झाली, तरी गुन्हा जामीनपात्रच राहिला. सदोष मनुष्यवध, म्हणजे जुने कलम ३०४ आणि आताचे १०५, यात मृत्यू घडण्याचा संभव आहे हे ज्ञान असताना कृती केली असेल, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. दोन्ही प्रकरणांत प्रेत तेच असते, गाडी तीच असते. फरक एवढाच की चालक केवळ बेपर्वा होता, की आपल्या हातून माणूस मरू शकतो हे त्याला माहीत होते. आणि सुरुवातीला सांगितलेले तत्त्व नेमके इथे येऊन उभे राहते, कारण कायदा त्याला शुद्धीतल्या माणसाचे ज्ञान बहाल करतो.

या बाबतीतला आपल्या राज्यातला सर्वांत महत्त्वाचा निकाल वांद्र्याच्या कार्टर रोडवरच्या घटनेतून आला. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या बांधकाम मजुरांवर एक मोटार चढली. सात जण मेले आणि आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम मद्यार्क सापडला. सत्र न्यायालयाने त्याला केवळ हलगर्जीपणासाठी दोषी धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल बदलून सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली तीन वर्षांची शिक्षा सुनावली आणि अ‍ॅलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ती कायम केली. न्यायालयाने जे म्हटले त्याचा आशय असा की, आपल्या वाहन चालवण्याचे धोकादायक स्वरूप आणि त्याचे संभाव्य परिणाम यांची जाणीव असूनही कोणी तसे चालवले आणि त्यात मृत्यू झाला, तर ते सदोष मनुष्यवधात मोडू शकते. याच निकालात न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा तोकडी असल्याचे म्हटले, पण ती वाढवण्यासाठी राज्याने अपीलच केलेले नसल्यामुळे त्या प्रश्नात ते शिरले नाही. सात मजुरांच्या बाजूने अपील दाखल करण्याची तसदी घेतली गेली नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या संजीव नंदा प्रकरणात, ज्यात १० जानेवारी १९९९ रोजी तीन पोलिसांसह सहा जण मेले होते, सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचेच कलम लावले, परंतु भोगलेली दोन वर्षे पुरेशी मानून ५० लाख रुपये आणि दोन वर्षे समाजसेवा असा आदेश दिला. कलम मोठे आणि शिक्षा लहान, हे दोन्ही निकालांत दिसते. अपघातातल्या प्रत्येक मृत्यूला १०५ लागत नाही आणि लागूही नये, असे माझे मत आहे. पण मद्य, वेग आणि समोर माणसे दिसत असतानाही न थांबणे या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर न्यायालयांनी शिक्षा देताना हात आखडता घेण्याचे कारण मला दिसत नाही.

ज्ञान सिद्ध करायचे तर आधी मद्य सिद्ध करावे लागते आणि ते सिद्ध होते पहिल्या काही तासांत, किंवा मग कधीच नाही. रुग्णालयात रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसायची नसते, कारण तोच मद्यार्क नमुन्यात उतरल्याचा आक्षेप पुढे येतो. कुपीत रक्त गोठू नये आणि सडू नये म्हणून रसायने असतात. कुपी लाखेने मोहोरबंद करून, मोहोरेचा नमुना सोबतच्या पत्रावर उमटवून, ती न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवाना होते. या साखळीतली एक सही किंवा एक तारीख जुळली नाही, तर उलटतपासणीत तिथेच बोट ठेवले जाते, आणि बचावाचा वकील म्हणून मीही तिथेच बोट ठेवतो, कारण नमुना त्याच माणसाचा आहे याची खात्री मागणे हा आरोपीचा हक्क आहे.

ही साखळी मुद्दाम तोडली गेल्याचा आरोप पुण्यात आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या आलिशान मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते मेले. अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह मिळालेल्या जामिनाचीच चर्चा देशभर झाली, पण कायद्याच्या दृष्टीने मला त्याहून गंभीर वाटतो तो ससून रुग्णालयात मुलाचा रक्तनमुना बदलल्याचा आरोप, ज्यात डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. अपघात क्षणाचा असतो. पुरावा नष्ट करणे हे पूर्ण शुद्धीत, विचार करून केलेले कृत्य असते, आणि आरोप सिद्ध झाला तर त्याची शिक्षा स्वतंत्र असली पाहिजे. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा पोलिसांचा अर्ज बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला. अनेकांना तो निकाल धक्कादायक वाटला. मात्र शिल्पा मित्तल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच स्पष्ट केले होते की, ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा ठरवलेली नाही, तो बाल न्याय कायद्याच्या अर्थाने "अतिगंभीर" धरता येत नाही. या मुलावर आरोप होता तो सदोष मनुष्यवधाचा, आणि त्यातल्या ज्ञान असताना केलेल्या कृतीच्या भागाला किमान शिक्षाच नाही. कायद्यातली ही फट संसदेने बुजवायची आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकासाठी किंवा मालकासाठी मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९९-अ मात्र आजही पुरेसे कडक आहे: तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड, बारा महिन्यांसाठी वाहनाची नोंदणी रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही.

पुरावा नाहीसा करण्याचा दुसरा मार्ग पळून जाण्याचा आहे. ७ जुलै २०२४ च्या पहाटे वरळीत दुचाकीवरून जाणाऱ्या दांपत्याला मोटारीने उडवले, त्यात पत्नीचा मृत्यू झाला आणि संशयित चालक सापडला तो दोन दिवसांनी. तेवढ्या वेळात कोणाच्याही रक्तातला मद्यार्क संपून गेलेला असतो. मग तपासाला मद्यालयाचे बिल, कॅमेऱ्यातले चित्रण आणि साक्षीदार यांच्यावरच उभे राहावे लागते. पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे कलम १०६ (२) नव्या संहितेत लिहिले गेले, पण जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर ते लागू न करताच संहिता अमलात आली. ट्रकचालकांची भीती मला समजते, कारण जमावाच्या माराच्या धाकाने पळणारा चालक आणि रक्ततपासणी चुकवण्यासाठी पळणारा चालक यांत त्या कलमाने पुरेसा फरक केलेला नाही. तरीही आजची स्थिती अशी आहे की, थांबून जखमीला रुग्णालयात नेणाऱ्या मद्यपी चालकाविरुद्ध पुरावा तयार होतो आणि पळणाऱ्याविरुद्ध होत नाही. कायद्याने माणसाला नेमके उलट शिकवायला हवे.

विम्याबद्दल थोडक्यात. मद्यपान करून चालवलेल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान कंपनी भरून देत नाही, आणि एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात रक्ततपासणीचा आकडा नसतानाही परिस्थितीवरून मद्याचा अंमल सिद्ध होऊ शकतो, असे ठरवले.

मृताच्या घरच्यांसाठी मात्र अधिक सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आरोपीकडे पहिल्या रात्रीपासून वकील असतो आणि त्यांच्याकडे नसतो. प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्याददाराला विनामूल्य मिळते. त्यात कोणते कलम लावले आहे ते त्याच दिवशी वाचावे, आणि चालक प्यायलेला होता असे कोणी पाहिले असेल, तर त्याचा जबाब नोंदवला गेला आहे का, हे तपास अधिकाऱ्याला लेखी विचारावे. रक्तनमुना किती वाजता घेतला, ही वेळही विचारावी. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला भरपाईचा अर्ज फौजदारी खटल्यासाठी थांबवून ठेवू नये. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. दुखवट्यातले घर पहिले दोन महिने कागदाला हात लावत नाही, हे मी पाहत आलो आहे, म्हणून हे काम शेजाऱ्याने किंवा दूरच्या नातेवाइकाने अंगावर घ्यावे. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते आणि तिथे साधा अर्ज पुरतो.